२५ वर्षांची मोटर यॉट, ५ लाख बजेट, आधी काय करू?

कोथरूडकर_खलाशी
नमस्कार मंडळी. मागच्या दिवाळीत मी आणि मेहुण्याने अर्धे-अर्धे पैसे घालून एक जुनी मोटर यॉट घेतली. ३२ फुटी, फायबरची, १९९९ ची. दोन डिझेल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेली इंजिनं), सरळ शाफ्टवर. रेवदंड्याच्या खाडीत असते. सध्या पावसाळ्यामुळे वर ओढून ठोकळ्यांवर ठेवलीय, अंगावर ताडपत्री. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात टाकायची. तोवर ५ लाखांत (ताणून सव्वापाच) काय काय उरकावं?

तक्रारी अशा: मे महिन्यात दोन्ही इंजिनं काळा धूर ओकत होती आणि २८०० ऐवजी २३०० आरपीएमच्या वर जाईनात. वायरिंग म्हणजे शेवयांचं ताट, तीन मालकांनी तीन रंगांत वाढलेलं. केबिनचं प्लाय खालून फुगलंय. टॉयलेट हातपंपाचं आहे आणि तुंबतं. मेहुण्याला लिथियम बॅटरी आणि एसी हवाय.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. "विकून टाका" सोडून काहीही सांगा.

निवांत_नाना
विकून टाका.

बाणेरचा_बाप्पा
अभिनंदन! मेहुणा बरोबर बोलतोय. आमच्या बंगल्यावर लिथियम बसवून तीन वर्षं झाली, एकदाही हात लावलेला नाही. लेड-ॲसिडच्या काळात दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घेऊन गच्चीवर जायचो, गुडघे गेले. इंजिनाचं म्हणाल तर २५ वर्षं झाली, किती चालवणार? दोन्ही नवीन टाका आणि निर्धास्त व्हा. बजेट थोडं वाढवावं लागेल, २५-३० धरा.

सदाशिव_३०
५ चे ३० म्हणजे "थोडं"? बाणेरच्या हवेत काहीतरी आहे.

अवांतर: बोट क्लब रोडवर राहणारेसुद्धा बोट घेत नाहीत. तुम्ही कोथरूडहून १४०-१५० किलोमीटर जाऊन बोट सांभाळणार. पानशेतला का नाही आणत? शनिवारी सकाळी निघालात तर जेवायला घरी.

कोथरूडकर_खलाशी
पानशेतचा विचार झाला होता. बोटीची रुंदी ३.३ मीटर. रस्त्यावरच्या वाहनाला २.६ मीटरची मर्यादा, म्हणजे वेगळा परवाना, वेगळा ट्रेलर. ताम्हिणीत समोरून लाल डबा आला तर कोण मागे घेणार? शिवाय पाणी पाटबंधाऱ्यांचं, पुण्याच्या पिण्याचं. त्यात डिझेलची बोट कोण सोडू देईल?

सिंहगड_रोज
पानशेत म्हटलं की आमच्या घरी अजून शांतता पसरते. १२ जुलै १९६१. आजी नारायण पेठेत होती, दुसऱ्या मजल्यावर. पाणी जिना चढताना पाहिलंय तिने, पायरी-पायरीने. कणगीतले गहू महिनाभर वाळत घातले होते म्हणायची.

सदाशिव_३०
आमचाही वाडा गेला त्यात. पण लोक नुसतं पानशेत-पानशेत करतात. पानशेतचं पाणी खडकवासल्यात आलं आणि खडकवासला फुटलं, म्हणून शहर बुडालं. दोन धरणं फुटली, नाव एकाचंच झालं.

निवांत_नाना
बोटीच्या धाग्यावर पूर आणणारे तुम्हीच पहिले. पण अनुमोदन, आमच्याकडे भिंतीवर पाण्याची रेघ होती. रंग द्यायचा झाला तरी वडील ती रेघ सोडायला सांगायचे.

इंजिनवाले_काका
मूळ विषयावर येऊ का? इंजिन टेस्टिंगमध्ये ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. कोणी पाहिल्याशिवाय "इंजिन बदला" म्हणालं की माझं डोकं फिरतं.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त पडतंय किंवा हवा कमी पडतेय. निळा असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं. पांढरा असता तर कॉम्प्रेशन किंवा पाणी. तुमचा काळा, आणि वर आरपीएम पुरे होत नाहीत. म्हणजे इंजिनावर ओझं आहे. दोन्ही इंजिनं एकाच महिन्यात म्हातारी झाली? मला पटत नाही. दोघांना सामाईक काय आहे ते बघा. बोट वर काढलीत तेव्हा बूड आणि प्रॉपेलर कसे होते? फोटो असतील तर टाका.

कोथरूडकर_खलाशी
काका, फोटो टाकलेत. प्रॉपेलरची पाती ओळखू येत नाहीत, शिंपल्यांचं फुलकोबी झालंय. खालचा रंग मागच्या मालकाने कधी दिला होता ते तोही सांगू शकत नाही.

इंजिनवाले_काका
मिळालं उत्तर. हे ओढत कुठलं इंजिन २८०० ला जाईल? पाती घासून चकचकीत करा, बुडाला अँटिफाउलिंगचे (शिंपले धरू न देणाऱ्या रंगाचे) दोन हात द्या, मग पाण्यात घालून आरपीएम बघा. तरी कमी आले तर एअर फिल्टर, टर्बो, एक्झॉस्ट एल्बो. या एल्बोत समुद्राचं पाणी आणि गरम धूर एकत्र येतात. आतून गंज धरतो, भोक बारीक होतं आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. काढून आत हाताचं बोट घालून बघा.

आणि रॉ वॉटर पंपाचा, म्हणजे इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचा, रबरी इम्पेलर दरवर्षी बदलायचा. जुना काढलात की पाकळ्या मोजा. सगळ्या हव्यात. कमी भरल्या तर तुटलेला तुकडा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी बसलेला असतो. तो काढल्याशिवाय नवीन बसवणं म्हणजे पुढच्या ओव्हरहीटची तारीख ठरवणं.

बाणेरचा_बाप्पा
तरीही २५ वर्षं ही २५ वर्षंच.

इंजिनवाले_काका
माझी स्कूटर ३८ वर्षांची आहे.

भोसरी_लेथ
काकांशी सहमत. एल्बो गेला असेल तर स्टेनलेसमध्ये करून देणारे भोसरीत पैशाला पासरी आहेत, पण वेल्डिंग बघून घ्या. माझ्याकडे एक ५ केव्हीएचा जेनसेट पडून आहे, एसीचा विचार असेल तर बघा. एकदम कंडिशनमध्ये.

मृण्मयी_जो
मी इंटिरियर करते. प्लाय बदलताना ७१० चा (मरीन प्लायचा आयएस) मार्क बघूनच घ्या. ३०३ चं, म्हणजे साधं, घेऊ नका, दुकानदार "वॉटरप्रूफच आहे मॅडम" म्हणेल. भवानी पेठेत टिंबर मार्केटला दोन्ही मिळतात, दिसतात सारखेच. कापलेल्या कडांना इपॉक्सी लावल्याशिवाय बसवू नका, पाणी कडेनेच चढतं. सहकारनगरला एका क्लायंटच्या सिंकखाली हेच केलं होतं, सहा वर्षं झाली, एक कड उचललेली नाही.

पण प्लाय फुगलं म्हणजे वरून कुठूनतरी पाणी येतंय. आधी ते शोधा. आत एकाने टॉर्च घेऊन बसायचं, बाहेरून एकाने पाइपने एकेका खिडकीवर, एकेका कड्यावर पाणी सोडायचं. नवं प्लाय सगळ्यात शेवटी.

सदाशिव_३०
सिंक आणि समुद्र यात थोडा फरक आहे, ताई.

मृण्मयी_जो
पाणी दोन्हीकडे खालीच जातं, दादा.

सिंहगड_रोज
वायरिंगसाठी तापकीर गल्लीत जा. अख्ख्या बोटीची वायर दहा-बारा हजारांत होईल. आम्ही चार खोल्यांचं घर केलं तिथून.

थळचा_तांडेल
नको. घराची वायर बोटीत घालू नका. साधं तांबं आतल्या आत हिरवं पडतं. वरून वायर नवी दिसते, टोक सोलून बघा, दोन हात आत गेलं तरी काळं-हिरवंच. कथलाचा मुलामा असलेली वायर लागते, टिन्ड म्हणतात. बारा व्होल्टला जाडीही जास्त लागते, नाहीतर पुढच्या दिव्यापर्यंत वीजच पुरी पोचत नाही. महाग आहे, पण एकदाच घालायची. सगळी बदलू नका. बिल्ज पंप (तळात साठलेलं पाणी बाहेर फेकणारा), पाणी चढलं की तो सुरू करणारा फ्लोट स्विच आणि नेव्हिगेशनचे दिवे एवढं आधी करा.

लिथियमबद्दल सांगतो. इंजिनाचा जुना आल्टरनेटर सरळ लिथियमला जोडला तर बॅटरी हावऱ्यासारखी ओढते आणि आल्टरनेटर तापून जातो. मध्ये चार्जर टाकावा लागतो. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी आणि साधीच ठेवा.

आता मुख्य. सीकॉक कुठले आहेत? खालून पाणी आत घेणारे जे कॉक असतात ते. कोणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. बोट वर आहे तोवरच ते बदलता येतात.

कोथरूडकर_खलाशी
तांडेलदादा, धन्यवाद. पिवळे दिसतात, पितळी असावेत. एकूण पाच.

थळचा_तांडेल
किल्लीच्या टोकाने खरवडून बघा. पिवळं निघालं तर आज ठीक. गुलाबी निघालं तर त्यातलं जस्त खाऱ्या पाण्याने खाल्लंय, उरलंय ते नुसतं भुसभुशीत तांबं. हातोडीची टिचकी मारली तरी तुटतं. माझ्या मामाच्या लाँचला ओहोटीत नांगरावर असताना असा कॉक दांड्यासकट हातात आला. भोक अंगठ्याएवढं. गंजीफ्रॉक काढून कोंबला आणि किनारा गाठला.

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक कॉकला एक निमुळती लाकडी खुंटी दोरीने बांधलेली असते. तुम्हीही बांधा. खर्च वडापावएवढा.

निवांत_नाना
विकून टाका म्हणालो होतो ते उगाच नाही.

सदाशिव_३०
कॉलेजात असताना सीओईपीच्या रेगाटामध्ये वल्ही मारली आहेत आम्ही. नदीत. ना इंजिन, ना सीकॉक, ना लिथियम. फक्त वास होता.

भोसरी_लेथ
झिंकचे ठोकळे बदललेत का? शाफ्टवर असतात ते, खारं पाणी प्रॉपेलरऐवजी त्यांना खातं. माझ्या मित्राच्या बोटीला रंगाऱ्याने बुडाबरोबर त्यांच्यावरही छान दोन हात रंग मारला. रंगाखाली झिंक वर्षभर जसंच्या तसं राहिलं आणि त्याच्या वाटणीचं प्रॉपेलर खाल्लं गेलं. रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहा. आणि पानशेतचा मोह पुन्हा झालाच तर गोड्या पाण्याला झिंक चालत नाही, मॅग्नेशियम लागतं.

बाणेरचा_बाप्पा
म्हणजे लिथियम घ्यायची नाही असं सगळ्यांचं मत दिसतंय. माझ्या बंगल्यावर या.

कोथरूडकर_खलाशी
शनिवार-रविवार जाऊन आलो. हकीकत देतो.

सीकॉक: पाचपैकी तीन गुलाबी निघाले. चौथ्याचा दांडा फिरतच नव्हता, भोसरीतल्या माणसाने जरा जोर लावला आणि तो मुळासकट सुटून आला. बोट ठोकळ्यांवर असूनही पोटात गोळा आला. पाचही ब्राँझचे घेतोय, खुंट्यांसकट.

इम्पेलर: डावीकडे सहा पाकळ्या, उजवीकडे चार. एक हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी सापडली, काका म्हणाले तशीच. दुसरी अजून मिळालेली नाही.

डिझेल: टाकीच्या तळातलं थोडं लोणच्याच्या बरणीत काढून ठेवलं. सकाळी खाली दोन बोटं पाणी, वर डिझेल आणि मधे काळी शेवाळासारखी साय.

इंजिनवाले_काका
ती साय म्हणजे जंतू. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे वाढतात. टाकी धुवा, पाणी वेगळं करणारा फिल्टर टाका आणि पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेतल्या हवेतूनच पाणी सुटतं. आणि दुसरी पाकळी सापडेपर्यंत चावीला हात लावू नका.

कोथरूडकर_खलाशी
लावत नाही, काका. आता निर्णय सांगतो, शिव्या द्या.

सीकॉक, बूड, झिंक, इम्पेलर, डिझेलची टाकी, बिल्ज पंपाची वायर, एवढं करतोच. नवीन इंजिन नाही, लिथियम नाही, एसी नाही. प्लाय पुढच्या वर्षी. उरलेले सगळे पैसे टॉयलेटवर: इलेक्ट्रिक पॉट, होल्डिंग टँक (मैला साठवायची टाकी), वॉश बेसिन, धरायला दांडा आणि नीट बंद होणारं दार.

आई ७४ वर्षांची आहे. जानेवारीत तिला कोर्लईपर्यंत नेलं होतं. किल्ला खालून बघून खूश झाली, लहान मुलीसारखी नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, बसून होती. तासाभराने एकदम "चला परत" म्हणाली. का, ते सांगेना. मला वाटलं बोट लागली. रात्री बायकोने सांगितलं. त्यानंतर आई आलेली नाही, दरवेळी काहीतरी कारण काढते.

मृण्मयी_जो
दार आत उघडणारं करू नका. सरकतं करा. दांडा दोन्ही बाजूंना.

बाणेरचा_बाप्पा
५ लाखांच्या धाग्याचा शेवट टॉयलेट. वाचनखूण काढून टाकतो.

सदाशिव_३०
आमच्या वाड्यात २२ बिऱ्हाडांत दोन होती. निर्णय योग्य आहे.

इंजिनवाले_काका
माझं मत एल्बोच्या बाजूने होतं, पण असो. आधी पाकळी शोधा.

थळचा_तांडेल
टॉयलेटलाही सीकॉक असतात, एक आत घेणारा, एक बाहेर टाकणारा. तुमच्या पाचांत ते धरलेत का बघा. दोन्ही पाइप पाण्याच्या रेषेच्या वर कमान करून न्या आणि कमानीच्या डोक्यावर हवेचा व्हॉल्व्ह ठेवा. नाहीतर पॉटमधून समुद्र आत येतो, आणि तो रात्री येतो.

भोसरी_लेथ
जेनसेट अजून आहे. कोणाला हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.