मास्तर आणि आचारी

नमस्कार मंडळी,

मास्तर गेल्याचं सगळ्यांना कळलंच आहे. शनिवारच्या शोकसभेत कोणी काय बोलायचं यावर दोन दिवस फोन चाललेत आणि जो तो 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व' म्हणतोय. मास्तरांनी हे ऐकलं असतं तर त्यातला 'ष्ट' सगळ्यांच्या पडद्यावर नीट उमटतो का, हे आधी बघितलं असतं.

मी एकच गोष्ट सांगते. आपल्या मंडळाची स्मरणिका पूर्वी 'शिवाजी' फाँटात टाइप व्हायची. ज्याच्याकडे तो फाँट नाही, त्याच्यासमोर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. जुने सात अंक युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, न्यायचं काम मास्तरांनी अंगावर घेतलं. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. म्हणजे प्रत्येक 'कि' आतून उलटा करायचा. त्यांनी पर्लमध्ये प्रोग्रॅम लिहिला आणि दोन रात्रींत अंक तयार झाले.

फक्त एका मलपृष्ठावर 'गणपतीच्या जेवणाच्या आचाऱ्यांचे आभार' होतं, ते 'आचार्यांचे आभार' होऊन आलं. मी तर हसून सोडून दिलं. मास्तरांनी नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक प्रोग्रॅमला कळत नव्हता. त्यासाठी खाली टिंब असलेला 'ऱ' वापरावा लागतो. तो बसवून त्यांनी सातही अंक पहिल्यापासून पुन्हा काढले. पहाटे मला एका ओळीची मेल आली: 'आचारी स्वयंपाकघरात परतले.'

– स्मरणिकेची जुनी संपादक

*

ताई, हा त्याचा स्वभावच. आम्ही दोघं १९९८ साली एकाच कंत्राटावर इकडे परदेशात आलो, वायटूकेच्या लाटेत. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे, त्यामुळे २००० लागलं की गोंधळ होईल अशी भीती होती. दिवसभर कोबॉल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतली दोन आकडी वर्षं शोधायची, तीही तळघरातल्या खोलीत. ३१ डिसेंबरच्या रात्री सगळी टीम पिझ्झा घेऊन ऑफिसात बसली होती. काहीच झालं नाही. लोक मिठ्या मारत होते आणि हा म्हणाला, "मला २९ फेब्रुवारीला विचारा."

शंभराने भाग जातो म्हणून २००० हे लीप वर्ष नाही, असं कोणीतरी प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं असेल, चारशेने भाग गेला तर ते लीप वर्षच असतं हा नियम विसरून, अशी त्याला शंका होती. एका रिपोर्टात तसं निघालंही. त्याने गुपचूप दुरुस्त केलं, आणि ज्याची चूक होती त्याचं नाव आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी खूप खोदून विचारलं होतं. (मीच असेन, असा मला आता संशय आहे.)

नाटकांबद्दल दुसरं कोणी लिहा. मला एवढंच आठवतं की त्याला कधी भूमिका नको असायची. विंगेत प्रॉम्प्टिंग करताना मात्र तो सगळी पात्रं करायचा.

– तळघरातला शेजारी

*

काका, मी मास्तरांची तबल्याची विद्यार्थिनी. मराठी लिहिताना चुकले तर सांभाळून घ्या.

रविवारी सकाळी आम्ही पाच मुलं त्यांच्या बेसमेंटमध्ये असायचो. हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा कोरडी होते, तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणली जाते आणि स्वर चढतो. म्हणून त्यांनी ह्युमिडिफायर आणला होता. येणाऱ्यांना वाटायचं घरात बाळ आहे. ते म्हणायचे, "आहे ना, डग्गा आणि तबला. जुळे."

झपताल शिकवताना ते मला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कधीच दाखवायचे नाहीत. दहा मात्रा मोज, दोन-तीन-दोन-तीन, आणि तूच पोच. मी चुकीच्या ठिकाणी पोचले की ते काहीच बोलायचे नाहीत, नुसते ठेका धरून थांबायचे, मी परत येईपर्यंत. एकदा मला अकरा आवर्तनं लागली.

त्यांचा तबला सध्या माझ्याकडे आहे. काकूंना हवा असेल तर शनिवारी घेऊन येते.

– बेसमेंटमधली पाचवी

*

मंडळी, सभागृह दुपारी दोनला उघडेल. काकूंशी बोलणं झालं, तबला तुझ्याकडेच राहू दे म्हणाल्या, पण शनिवारी आणायचा आहे. सभेच्या पत्रिकेचा मसुदा सोबत जोडलाय. कोणीतरी नजरेखालून घाला.

– कार्यकारिणी

*

घातला. चौथ्या ओळीत 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालंय. दुरुस्त करून रात्री पाठवते.

– संपादक