शेजारच्या आजारी मुलीसाठी सगळे एकत्र आलोय, पण नेमकं काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. शेजारच्या ६ वर्षांच्या मुलीला ए.एल.एल. प्रकारचा रक्ताचा कर्करोग झालाय. केमो सुरू आहे. कळल्यापासून सगळे शेजारी एक झालेत. रोज रात्री ठरलेल्या वेळी जो तो आपापल्या घरी तिच्यासाठी प्रार्थना करतो; तिच्या आईने तेवढंच मागितलं होतं.

अडचण पुढची आहे. लोक प्रेमापोटी भेटायला जातात. केमोमुळे रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटतात, साधी सर्दीसुद्धा जिवावर बेतू शकते. पण "दारातूनच बघतो" म्हणणाऱ्यांना अडवणार कोण? आई बिचारी दारात उभी राहून तोच रिपोर्ट पुन्हा पुन्हा सांगते, तेव्हा तिचा चेहरा बघवत नाही. कुणाला न दुखावता हे कसं थांबवावं?

दुसरं, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी. द्यायला तयार असलेले भरपूर आहेत, पण सगळ्यांना एकदमच जायचंय! दिलेल्या प्लेटलेट साधारण ५ दिवसच टिकतात, म्हणजे पाळ्या लावायला हव्यात. कुणी असं वेळापत्रक चालवलंय का? उपचार २-३ वर्षं चालतात; सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर माणसं कशी टिकवलीत?

आणि तिचा मोठा भाऊ. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. परवा हळूच विचारत होता, "मी खेळायला गेलो तर चालेल ना?" त्याच्यासाठी काय करता येईल?

चमत्कारी उपाय कृपया सुचवू नका, ते सांगणारे इथे पुष्कळ आहेत. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी मुद्दाम लिहा: लोकांच्या कोणत्या मदतीचा खरंच उपयोग झाला आणि कोणत्या मदतीचा उलट त्रासच झाला?