हायड्रोमीटर १.०२३, रिफ्रॅक्टोमीटर ३६ च्या वर. खरं कुणाचं?

ठाणेकर_रीफ: खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीचं पाणी २८ अंश. घनता मोजणारा काचेचा तरंगता हायड्रोमीटर १.०२३ दाखवतो, तक्त्यानुसार जेमतेम ३१ पीपीटी (हजार भागांत ३१ भाग क्षार). रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो यावरून क्षार मोजणारा) आरओ पाण्यावर शून्याला लावलाय, तो साडेछत्तीस म्हणतो. क्लाउनफिशची जोडी मजेत, झोअँथिड (प्रवाळांचे नातलग) मात्र मिटून बसलेत. मीठ घालू की पाणी?

खारेपाटी: काहीच घालू नका! हायड्रोमीटरच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात तापमान छापलेलं असतं. काय आहे?

ठाणेकर_रीफ: भिंग लावून वाचलं. ६०/६० फॅ.

खारेपाटी: मग झालं की. तो ६० फॅरनहाइट, म्हणजे १५.६ अंश सेल्सिअससाठी बनलाय. गरम पाण्याची घनता कमी, त्यामुळे २८ अंशांना ३५ पीपीटीचं पाणीही त्यावर १.०२३ च्या आसपासच दिसणार. ३५ पीपीटीसाठी सगळे घोकतात तो १.०२६४ चा आकडा २५ अंशांचा.

मीठभाकर: आणि स्वस्तातले रिफ्रॅक्टोमीटर बहुतेक निव्वळ मिठाच्या द्रावणाचे असतात, समुद्राच्या पाण्याचे नव्हेत. ३५ चं समुद्री पाणी त्यांवर ३६.५ दिसतं. म्हणजे तुमची दोन्ही यंत्रं एकच सांगतायत: ३५ च्या आसपास. खात्रीसाठी ३६.५ ग्रॅम साधं मीठ ९६३.५ ग्रॅम आरओ पाण्यात विरघळवा, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाका, स्क्रू फिरवून ३५ वर आणा. वजनकाटा मात्र सोनाराकडच्यासारखा हवा, भाजीवाल्याचा नको.

ठाणेकर_रीफ: झोअँथिडचं मग काय?

मीठभाकर: अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) मोजा.