हिरड्याच्या चाचणीबद्दल थोडी भर

वर विचारलंय की बडोद्यात एम.एस्सी. करणाऱ्या भाचीला हिरड्याच्या मेथेनॉलमध्ये (एक प्रकारचं अल्कोहोल) काढलेल्या अर्काभोवती जंतू न वाढलेलं मोठं वर्तुळ दिसलं, म्हणजे घरचा काढा गुणकारी असल्याचं सिद्ध झालं का? माझ्या मते नाही. पण काम मोलाचं आहे, तिनं ते सोडू नये.

मेथेनॉल स्वतःच जंतू मारतं. जंतू वाढवलेल्या त्याच प्लेटमध्ये नुसतं मेथेनॉल घातलेला खळगा आहे का, ते आधी बघायला सांगा. शेजारी एखादं ओळखीचं प्रतिजैविकही हवं. शिवाय आपण घरी हिरडा पाण्यात उकळतो, म्हणून पाण्याचा अर्क वेगळा तपासायलाच हवा. वर्तुळाच्या आकारावर फार विसंबू नका. हिरड्यातली टॅनिनं (तुरट द्रव्यं) मोठ्या रेणूंची, प्लेटमधल्या आगारच्या जेलीसारख्या थरातून हळू पसरतात. चांगला अर्कही लहान वर्तुळ देऊ शकतो. त्यापेक्षा एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ रोखणारं अर्काचं कमीत कमी प्रमाण, काढावी: अर्क निम्मा-निम्मा पातळ करत जायचं आणि जंतूंची वाढ कुठवर थांबते ते पाहायचं.

अर्काचा अँटिऑक्सिडंट गुण मोजायची डीपीपीएच चाचणी करणार असेल, तर तिच्यात डीपीपीएच या रसायनाचा जांभळा रंग पिवळट होत जातो, तो 517 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. हिरड्याचा अर्क मुळातच पिवळा-तपकिरी, तेव्हा नुसत्या अर्काचं वाचन त्यातून वजा करा. तुलनेला क जीवनसत्त्व घ्या. मात्र चाचणीनळीतला हा गुण शरीरातही तसाच दिसेल असं प्रबंधात लिहू नये.

आणि हो, फळं बाजारातली असतील तर सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात आधी त्यांची ओळख पटवून घ्या, आणि थोडा नमुना जपून ठेवा.