कोल्हापूर-मुंबई: अंतर ३०८ किमी, मग तास का?

वर विचारलंय, की सरळ रेषेत जेमतेम ३०८ किमी, मग तिकिटावर तासभर का दाखवतात? एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) ताशी साधारण ५०० किमीने जातं, म्हणजे हिशोबाने ३७ मिनिटं. पण तिकिटावरची वेळ उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि मुंबईत जागेवर थांबल्यावर संपते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि उतरायला आकाशात वाट बघावी लागते. मागच्या खेपेला खाली खाडी दिसत होती, पंखे घरघरत होते आणि आम्ही तिसरी घिरटी घालत होतो! तरीही आईला दवाखान्यात न्यायचं असेल तर मी विमानच धरेन. रस्त्याने पावणेचारशे किमी तिच्या कंबरेला झेपत नाहीत.