एका गिअरच्या सायकलीत एवढं काय असतं राव?

निवांत_कोथरूडकर:
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. माझ्याकडे चार वर्षांपासून २१ गिअरची हायब्रिड आहे, कोथरूडहून बाणेरला ऑफिसला आठवड्यातून तीनदा तरी तिच्यावरच जातो आणि रविवारी जमलं तर खडकवासला, म्हणजे अगदीच नवखा नाहीये. तर झालंय असं की आमच्या ग्रुपमधल्या एकाने आपली भारीतली गिअरवाली सायकल गॅलरीत उभी करून ठेवलीय आणि सिंगल स्पीड घेतलीय, आणि आता तर फिक्स्ड गिअरच्या गोष्टी करायला लागलाय. का रे बाबा विचारलं की म्हणतो "चालवून बघ, सांगून कळणार नाही". या उत्तराने माझं डोकं फिरतं. चढाला हाल, उताराला पाय भिंगरीसारखे फिरणार, वर परत "मजा येते". मला कुणीतरी नीट सांगा, ही मजा खरी आहे का नुसती फॅशन? आणि सिंगल स्पीड आणि फिक्स्ड एकच का वेगवेगळं?

तेलकट_हात:
"सांगून कळणार नाही" हे चिडवणारंच उत्तर आहे, सांगून बऱ्यापैकी कळतं :)

माझी सिंगल स्पीडची सुरुवात फॅशनमधून नाही, वैतागातून झाली. पावसाळ्यात मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो तो) चिखलाने इतका भरायचा की दर शनिवारची सकाळ जुना टूथब्रश घेऊन त्याचे दात घासण्यात जायची, त्यात पार्किंगमध्ये कुणीतरी सायकल नेमकी उजव्या अंगावर पाडली, डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर वाकला आणि मग गिअर मनाला येईल तेव्हा उड्या मारायला लागले. मामाकडे जुनी स्टीलची रेसर माळ्यावर पडून होती, ती खाली काढली. डिरेलर, शिफ्टर, केबली सगळं उतरवून पिशवीत भरलं, पुढे ४६ दात्यांची एकच चकती, मागे १८ चं फ्रीव्हील (पाय थांबवले तरी चाक फिरू देणारी चकती), आणि चेन कापून आखूड केली. बस. जुन्या फ्रेमला मागच्या चाकाची खाच आडवी असते त्यामुळे चाक मागे ओढून चेन ताणता येते. नव्या फ्रेमला खाच बहुतेक वेळा उभी असते, तिथे चाक सरकत नाही, मग चेन ताणून धरणारा टेन्शनर लावावा लागतो. जुनी सायकल बदलून घ्यायचा विचार असेल तर पहिल्यांदा हे बघा, बाकी सगळं नंतर.

पहिल्या दिवशी कर्वे रोडला लागलो तेव्हा वाटलं काहीतरी तुटून मागे पडलंय, कारण आवाजच नाही! चेन सरळ रेषेत, मध्ये त्या दोन छोट्या चकत्या नाहीत, करकर नाही, खडखड नाही. फक्त टायरचा आवाज. मला तर तिथेच पटलं.

आता हिशोब. ४६ भागिले १८ म्हणजे साधारण २.५६, चाकाचा घेर २.१ मीटर धरला तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.४ मीटरच्या आसपास जाते. मिनिटाला ८० फेरे मारले की ताशी २५-२६. आता सकाळी साडेनऊला नळस्टॉपला मला याच्यापेक्षा जास्त वेग कोण देणार आहे?

आणि मजेचं म्हणाल तर, गिअर असले की चढ आल्यावर बोट काम करतं. गिअर नसले की चढ यायच्या पन्नास मीटर आधी डोळा काम करतो, की सिग्नल हिरवा आहे, पुढे बस नाहीये, चला आत्ताच वेग घेऊन ठेवू म्हणजे निम्मा चढ फुकटात. आमच्या सोसायटीच्या गल्लीला चढ आहे हे मला सहा वर्षं राहून माहीत नव्हतं, सिंगल स्पीड घेतल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं.

सांगलीकर_काका:
वाचून हसू आवरेना. अहो आमच्या वेळी याला नुसती सायकल म्हणायचे!! सिंगल स्पीड म्हणे. माझे वडील २४ इंची काळ्या ॲटलसवर दुधाच्या चार किटल्या लावून रोज सांगली मिरज करायचे, दोन हँडलला दोन कॅरिअरला, सायकलचंच वजन वीसेक किलो, वर दूध वेगळं. मी शिकलो तासाच्या भाड्याच्या सायकलवर, दुकानदार वहीत नाव लिहून घ्यायचा, आधी नळीखालून पाय घालून हाफ पायडल, मग नळीवरून, आणि सीटवर बसून पाय पुरायला लागले तेव्हा सातवीत होतो. गिअर हा शब्द फक्त ट्रकला माहीत होता.

पण एक सांगतो, तुम्ही पोरं चढाला जेवढं घाबरता तेवढं आम्ही घाबरत नव्हतो, कारण चढ आला की उतरायचं आणि सायकल हातात धरून चालत जायचं, यात कुणाची इज्जत जात नव्हती. हल्ली उतरून चालणारा दिसला की लोक विचारतात पंक्चर झाली का.

माझा प्रश्न वेगळाच आहे. या नव्या सायकलींना मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, कॅरिअर नाही, घंटी सुद्धा नाही. पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा आणि पँटला तेल. काढून टाकायचे होते ते गिअर, सगळं संसारच काढून टाकला की हो!

तेलकट_हात:
काका +१००. मडगार्ड मी लावलेत, पँट मोज्यात खोचतो :)

गुडघे_जपा:
सगळे कौतुक करतायत तर दुसरी बाजू पण येऊ द्या. मी दीड वर्ष ४८/१६ (पुढे ४८ दाते, मागे १६) चालवली. म्हणजे बरोबर ३, एका फेऱ्यात सव्वासहा मीटर. सपाटीवर काय पळते विचारू नका, ग्रुपमध्ये भाव पण मिळायचा. पण प्रत्येक सिग्नलला शून्यातून उठवताना आणि प्रत्येक पुलाच्या चढाला सगळा जोर गुडघ्यावर, आणि मी उतरून चालणाऱ्यातला नव्हतो (काकांचं आधी वाचायला हवं होतं). उजवा गुडघा असा धरला की जिना उतरताना कठड्याला धरून उतरायचो. तीन महिने सायकल बंद. फिजिओने पहिला प्रश्न विचारला, एवढा जड गिअर कुणी सांगितला होता? कुणीच नाही, दिसायला चांगला दिसत होता. मागे १८ पेक्षा कमी दाते लावू नका एवढंच सांगेन, पुण्यात तर नाहीच.

उलटे_आटे:
धागाकर्त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. सिंगल स्पीड म्हणजे काकांची ॲटलस, गिअर एकच पण मागे फ्रीव्हील, पाय थांबवले तरी चाक टर्रर्र करत फिरत राहतं. फिक्स्ड म्हणजे मागची चकती हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, घट्ट बसवलेली, फ्रीव्हीलच नाही. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, तुमची इच्छा असो नसो. मागे ढकललं की सायकल मंदावते.

मी पाच वर्षं फिक्स्ड चालवतोय आणि पहिला दिवस अजून आठवतो. सगळं छान चाललं होतं, मग स्पीडब्रेकर आला. आयुष्यभराची सवय, स्पीडब्रेकर आला की पाय थांबवायचे आणि ढुंगण उचलायचं. मी पाय थांबवले, सायकलने नाही थांबवले. पायडलने मला खालून असा उचलला की मी जवळजवळ हँडलवरच. शेजारचा रिक्षावाला म्हणाला "घोडं आहे का सायकल?" आठवडाभर हेच. मग एक दिवस लक्षात आलं की आज आपण एकदाही पाय थांबवायचा प्रयत्न केला नाही, आणि तिथून खरी मजा सुरू झाली. मागचं चाक स्वतःच तुमचा पाय वरच्या टोकावरून पुढे ढकलतं, म्हणून फेरा कुठे अडत नाही. गर्दीत अगदी चालण्याच्या वेगाने जाताना सुद्धा तोल पायांनी धरता येतो, ब्रेक दाब ब्रेक सोड असं नाही. सिग्नलला पाय न टेकता उभं राहणं मला दोन वर्षांनी जमलं, तेही चढावर तोंड असेल तरच.

पण काही गोष्टी न सांगता कुणी याच्या नादी लागू नये.

पुढचा ब्रेक काढू नका. प्लीज. फिक्स्ड सायकली वेलोड्रोमवरून, म्हणजे सायकल शर्यतीच्या गोल ट्रॅकवरून आल्या, दिल्लीत २०१० च्या कॉमनवेल्थला जो ट्रॅक होता तसल्या. जपानमध्ये १९४८ पासून केइरिन नावाच्या ट्रॅकवरच्या शर्यती होतात, त्याही बिनब्रेकच्या. तिथे चालतं कारण ट्रॅकवर कुणाच्याच सायकलला ब्रेक नसतो, त्यामुळे पुढचा अचानक थांबूच शकत नाही, आणि गल्लीतून टेम्पो येत नाही. आपल्याकडे येतो. उताराचं पण बघा, ४६/१८ वर ताशी ४० गाठले की पाय मिनिटाला १२० च्या वर फिरत असतात. तेव्हा फक्त पायाने थांबवणं विसरा.

दुसरं, हब. फिक्स्डच्या खऱ्या हबला दोन प्रकारचे आटे असतात, चकती सुलट्या आट्यावर बसते आणि तिच्यावर उलट्या आट्याची लॉकरिंग. म्हणजे मागे जोर दिला की चकती सुटायला बघते आणि लॉकरिंग आवळली जाते. साध्या फ्रीव्हीलच्या हबला हे उलटे आटे नसतात. आमच्या इथल्या एका मेकॅनिकने मला अगदी प्रेमाने सुचवलं होतं की कशाला एवढा खर्च, फ्रीव्हीलला वेल्डिंग मारून जाम करून देतो. नका करू! ऐन वेळी मागे जोर द्याल आणि ते अख्खं हबवरून सुटत येईल.

तिसरं गंमतीचं. ज्यांना मागचं चाक लॉक करून घसरवायची हौस असते त्यांनी दात्यांचा भागाकार करून बघावा. ४८/१६ म्हणजे ३/१, खाली १ उरला, म्हणजे तोच पाय पुढे ठेवून घसरवलं तर टायर प्रत्येक वेळी त्याच एका जागी घासणार, महिन्याभरात कापड दिसेल. ४६/१६ म्हणजे २३/८, आठ जागा. ४७/१७ ला दोघांना कशानेच भाग जात नाही, सतरा जागा. गुडघे_जपा, तुमचा गुडघा पण गेला आणि टायर पण गेला असता :)

जुनापुराणा:
फक्त एक भर. टूर द फ्रान्स सुरू झाली १९०३ ला आणि तिथे डिरेलरला परवानगी मिळाली १९३७ ला. सुरू करणारे हेन्री देग्रांज गिअरच्या इतके विरोधात होते की गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी ठीक, असं त्यांचं मत होतं. मधली सगळी वर्षं लोक आल्प्स कसे चढले? मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक चकती, घाट लागला की खाली उतरायचं, चाक काढून उलटं लावायचं आणि परत चढायला लागायचं. आज फ्लिप-फ्लॉप हब म्हणून मिळतं ते हेच, फक्त आता एका बाजूला फिक्स्ड आणि दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील लावतात. धागाकर्त्याला खरंच करून बघायचं असेल तर हेच हब घ्या, नाही जमलं तर पाना काढा आणि चाक फिरवा.

वाऱ्यावरची:
नेदरलँड्समधून लिहितेय, उट्रेख्टला असते. इथे बिनगिअरची सायकल म्हणजे आजीची सायकल, शब्दशः. ब्रेक हँडलला नाही, पायडल मागे दाबलं की मागचं चाक थांबतं. मला सुरुवातीला सगळ्यात त्रास झाला तो सिग्नलला, आपल्याला सवय असते की थांबल्यावर पायडल उलटं फिरवून उजवा पाय वर आणून ठेवायचा, निघताना जोर मिळायला. इथे उलटं फिरवलं की ब्रेक! दोन महिने मी प्रत्येक सिग्नलवरून लंगडत निघायचे आणि मागची सत्तर वर्षांची बाई शांतपणे पुढे जायची.

इथे चढ नाहीत असं म्हणतात ते खोटं आहे, इथे वारा हाच चढ. झीलंडमध्ये समुद्र अडवायचा मोठा बांध आहे ना, ओस्टरस्खेल्डेचा, त्याच्यावर वादळ आलं की वाऱ्याविरुद्ध सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा होते. साडेआठ किलोमीटर, वारा निदान ७ बोफोर्ट (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) हवा, त्यामुळे तारीख हवामान बघून तीनच दिवस आधी सांगतात. आणि सगळ्यांना सायकल एकच, उभ्या हँडलची, बिनगिअरची, मागे दाबून ब्रेक लागणारी. मी भाग वगैरे घेतला नाहीये, पण नोव्हेंबरात स्टेशनला जाताना रोजच घेते असं समजा. तोंडावर वारा असताना चिडून उपयोग नसतो हे एकदा कळलं की बरं चालतं. दहाचा वेग तर दहाचा.

निवांत_कोथरूडकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. अपडेट देतो. रविवारी मित्राकडून त्याची सायकल मागून घेतली (फ्रीव्हीलवाली, त्याचं फिक्स्डचं सामान अजून यायचंय) आणि सकाळी सहाला डेपोवरून चांदणी चौकाकडे निघालो. चढ सुरू झाला तसा माझा उजवा अंगठा आपोआप शिफ्टर शोधायला लागला, तिथे नुसती ग्रिप. तीन वेळा झालं हे! मग उभा राहून मारायला लागलो, पाऊण चढ झाला आणि श्वास संपला, तेव्हा काकांची आठवण काढून सरळ उतरलो आणि चालत गेलो. एक जॉगर थांबून म्हणाला, "पंक्चर का?"

येताना मात्र उताराला पाय थांबवून बसलो होतो, ते टर्रर्र ऐकत, आणि फिक्स्ड माझ्याच्याने व्हायचं नाही हे तिथेच ठरलं. पण परत सोमवारी माझ्या २१ गिअरवर बसलो आणि पहिल्यांदा मोजलं की दिवसभरात मी गिअर किती वापरतो. चार. त्यातला एक तर चुकून पडतो.

मित्राच्या सायकलला ४४/१६ आहे. माळ्यावर भावाची जुनी बीएसए एसएलआर आहे, ती काढायचा विचार चाललाय. पुढची चकती आहे तीच ठेवणार, मागे किती लावू? चांदणी चौक धरून सांगा.

गुडघे_जपा:
२०.

उलटे_आटे:
१८, दोन महिन्यांत पाय तयार होतील.

सांगलीकर_काका:
आहे तेच ठेवा. आधी टायर ट्यूब बघा, इतकी वर्षं माळ्यावर म्हणजे गेलेच असतील. हबमधले छर्रे काढून ग्रीस भरून घ्या आणि चाकाचा आउट काढायला सांगा. आणि ती घंटी काढू नका.