डायबिटीस, आपलं ताट आणि सप्लिमेंटच्या बाटल्या: नागपूरकरांनो, अनुभव लिहा

आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना डायबिटीस आहे. आमच्या घरात तो दोन पिढ्यांपासून मुक्कामाला आहे. तरी ओळखीपाळखीतून सल्ला मिळतो तो दोनच प्रकारचा: "भात बंद करा" नाहीतर "ही पावडर घ्या". म्हणून हा धागा. काय खाल्लं, काय घेतलं आणि मीटरवर काय दिसलं, ते लिहा. पावडरींची नावं नकोत आणि औषधाचा डोस कुणी कुणाला सांगू नये, ही कळकळीची विनंती.

महाल
रविवारी तर्री-पोहे हा आमच्या घरचा नेम. डायबिटीस निघाला तरी बाबा ते सोडायला तयार नव्हते. मग पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर बघायची आणि वहीत लिहायची, असं सुरू केलं. प्लेटभर पोहे आणि वर थोडी तर्री असली की आकडा 230च्या पुढे जायचा. आता प्रमाण उलटं केलंय. वाटीभर तर्रीतले चणे, त्यात मूठभर पोहे, वरून कांदा, सांबार (कोथिंबीर), लिंबू. त्याआधी काकडी. पोहे म्हणजे शेवटी तांदूळच, पण चण्यातल्या फायबर आणि प्रोटीनमुळे साखर हळू चढते. खाऊन झालं की बाबा गांधीसागरकडे पायी एक चक्कर मारून येतात. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, आणि हा फरक आम्हाला वहीत स्पष्ट दिसला. आता आकडा बहुतेक वेळा 180च्या आत असतो. गोळ्या आहेत तशाच चालू आहेत.

मानेवाडा
आईला बरीच वर्षं डायबिटीसची मेटफॉर्मिन ही गोळी चालू आहे. तळपायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा सगळे म्हणाले, शुगरमुळेच. डॉक्टरांनी बी12 हे जीवनसत्त्व तपासायला लावलं, तर ते फारच कमी निघालं. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतलं की बी12 कमी होऊ शकतं, त्यात आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. आधी इंजेक्शनं, मग गोळ्या, आणि मुंग्या बऱ्याच कमी झाल्या. मुंग्या डायबिटीसने नसा खराब झाल्यामुळेही येतात, म्हणून आधी तपासणी आणि मग गोळी. माझ्या मते पैसे घालण्यासारखं सप्लिमेंट हेच: जे रक्तात खरोखर कमी आहे ते.

हिंगणा रोड
मामांना कुणीतरी कारलं-जांभूळ-मेथीची पावडर आणून दिली. "नैसर्गिक आहे, काही होत नाही." डायबिटीसची ग्लिमेपिराइड ही गोळी चालूच होती. एका दुपारी त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. मीटरवर 58. मामींनी पाण्यात साखर घालून पाजली म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले, साखर उतरवणारं काहीही या गोळीच्या जोडीला घेतलं की ती नको तितकी खाली येऊ शकते. भाजीतलं कारलं मामा आजही खातात. पावडर बंद.

(धागाकर्ती: हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या. साखर 70च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, तरीही कमीच असेल तर पुन्हा द्या. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.)

मूळचे गडचिरोलीचे, आता नागपुरात
विदर्भातल्या लोकांनी हे नक्की वाचा. माझ्या भावाला सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, आहे. घरच्या मीटरवर साखर 200च्या वर, आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा एचबीए1सी मात्र एकदम छान! सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांच्यावर साखर चढायला पुरेसा वेळच मिळत नाही, म्हणून हा आकडा फसवा कमी येतो. ओळखीचे लोक म्हणत होते की त्याच्या जवसाच्या कॅप्सूलचा गुण आला. सुदैवाने डॉक्टरांनी फ्रुक्टोसामिनची, म्हणजे तांबड्या पेशींवर अवलंबून नसलेली, साखरेची तपासणी केली आणि खरं चित्र कळलं. घरात सिकलसेल असेल, वाहक असाल तरीही, डॉक्टरांना आणि लॅबला आधीच सांगा.

काटोल रोड
संत्र्यांच्या गावात राहून संत्री सोडायची नाहीत. जेवणानंतर नाही, मधल्या वेळी एक, सोलून, चोथ्यासकट. रस नाही. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात आणि फायबर गाळणीत राहतं.

नंदनवन
"ज्वारीची भाकर कितीही खा" असं सर्रास सांगतात. ज्वारी गुणाची आहे, फायबर भरपूर, पण 100 ग्रॅम पिठात 70 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतातच. आमच्या सासूबाई आता एकच भाकर घेतात. सोबत अंबाडीची भाजी, घट्ट वरण आणि जवसाची चटणी. भूक राहिली तर भाजी वाढते, भाकर नाही. एक विचारायचं होतं: त्यांची किडनी थोडी अशक्त आहे, क्रिएटिनिन वाढलेलं आहे, आणि दुकानदार प्रोटीन पावडर घ्या म्हणतो. आम्ही डॉक्टरांना विचारेपर्यंत घेतलेली नाही. अशा वेळी तुमच्या घरी आहारतज्ज्ञांनी डाळ किती ठेवायला सांगितली होती?